क्लिपा जोडल्यावर आवाज पुढे-मागे होतो? आधी तीन ठिकाणी मोजा

लग्नाच्या सीझनमध्ये नाशिकमधल्या कुठल्याही एडिटरला विचारा, ही तक्रार त्याच्याकडे आलेलीच असते: क्लिपा सुट्या बघितल्या तर सगळं ठीक, एकत्र जोडून फाइल काढली की ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. त्यावर सर्रास होणारा उपायही ठरलेला आहे. आवाजाचा ट्रॅक पकडायचा आणि बरं दिसेपर्यंत डावी-उजवीकडे ढकलायचा. मग सुरुवात जुळते तर शेवट सुटतो, शेवट जुळवला की मधली मंगलाष्टकं बिघडतात, आणि रात्री दोन वाजता माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत झोपतो.

ट्रॅक ढकलून बरा होतो असा बिघाडाचा एकच प्रकार आहे. बाकीच्या प्रकारांत ढकलाढकलीने गुंता वाढतो, कारण मूळ फरक किती होता हेच नंतर कळत नाही. म्हणून फाइलला हात लावण्याआधी मोजायचं.

मोजण्याची पद्धत

पहिली अट: वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथवर साध्या कोडेकमध्ये (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीत) आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडणं अगदी नेहमीचं आहे. व्हिडिओ प्लेअर बऱ्याचदा चित्र तेवढंच थांबवून हा उशीर झाकतात, एडिटिंग सॉफ्टवेअर झाकेलच असं नाही. ब्लूटूथ कानात ठेवून सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) लावलं तर ठणठणीत फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवता. ‘एडिट करताना जुळत होतं, एक्स्पोर्टनंतर गेलं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथेच संपतं.

आता फाइलमध्ये तीन जागा शोधा: सुरुवातीजवळ, साधारण मध्यावर, शेवटाजवळ. प्रत्येक जागी असा क्षण हवा की चित्रात काहीतरी आपटतं आणि वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, त्याचा टोकदार ठोका दिसतो. टाळी, नारळ फुटणं, ताशावर पडलेली काडी, माइकवर मारलेली टिचकी, काहीही चालेल. नुसताच बोलणारा माणूस असेल तर प, ब, भ ही अक्षरं पकडा. ती म्हणताना ओठ पूर्ण मिटतात आणि ज्या फ्रेमला (व्हिडिओतल्या एका स्थिर चित्राला) उघडतात त्याच फ्रेमला आवाज फुटायला हवा. म मात्र टाळा, त्याचा आवाज ओठ मिटलेले असतानाच सुरू होतो आणि मोजमाप फसतं.

फ्रेम-फ्रेम पुढे सरकत चित्रातला ठोका आणि आवाजातला ठोका यांतलं अंतर मोजा. सेकंदाला २५ फ्रेमच्या फुटेजमध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ३० च्या फुटेजमध्ये साधारण ३३. आवाज उशिरा असेल तर अधिक, आधी असेल तर उणे. तीन आकडे कागदावर लिहून काढा.

तिन्ही आकडे सारखे आले तर सगळा आवाज एकाच मापाने सरकलेला आहे, आणि हा सर्वात सोपा प्रकार. सुरुवातीला शून्य, मध्यावर काही आणि शेवटी त्याच्या दुप्पट असं दिसलं तर आवाज आणि चित्र वेगवेगळ्या वेगाने धावताहेत. फरक वाढतोय पण मध्यावरचा आकडा निम्म्याच्या आसपासही नाही, तर फोनच्या फुटेजचा अस्थिर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम तो आकडा) हा पहिला संशयित. आणि फरक एकेका जोडावर उडी मारतो, मधल्या भागात तसाच राहतो, तर दोष जोडण्याच्या पद्धतीत आहे.

किती फरकाचं मनावर घ्यायचं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला ते जाणवायला लागतं. हे दोन आकडे सारखे नाहीत याकडे लक्ष द्या. लांबच्या गोष्टीचा आवाज मागाहून येणं आपल्याला रोजचं आहे, आवाज आधी आणि कृती नंतर असं निसर्गात घडत नाही. त्यामुळे एक-दोन फ्रेमची शंका राहिलीच तर आवाज किंचित मागे राहू द्या, पुढे कधीच नको.

सगळीकडे सारखाच फरक

फाइल तयार आहे, तिन्ही ठिकाणी, समजा, अधिक १६० आले. आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावून जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागे-पुढे करून बघा. एका ठराविक आकड्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं जुळलं तर निदान पक्कं. व्हीएलसीतला हा बदल फक्त बघण्यापुरता असतो, फाइल तशीच राहते. कायमचा बदल करायला एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, आवाजाचा ट्रॅक निवडा आणि डिलेच्या चौकटीत आकडा टाका. आवाज उशिरा येत असेल तर आकडा उणे, म्हणजे इथे उणे १६०. पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबून साठवावे लागत नाहीत, दोन तासांची फाइलही पटकन निघते, फक्त ती एमकेव्ही या प्रकारची असते. ओबीएस या सॉफ्टवेअरवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी हीच सोय अॅडव्हान्स्ड ऑडिओच्या खिडकीत, सिंक ऑफसेट नावाने, मिलिसेकंदांतच आहे.

इथपर्यंत सोपं. पण या प्रकारात एक खाच आहे आणि मोकळ्या जागेत शूटिंग करणाऱ्यांना ती हमखास सापडते. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत जेमतेम १४ मीटर. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेचं भाषण आहे असं धरा. कॅमेरा गर्दीच्या मागे ट्रायपॉडवर, व्यासपीठापासून ४० मीटरवर. वक्त्याचा चेहरा लेन्सला लगेच दिसतो, त्याचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला मात्र सुमारे ११५ मिलिसेकंद लागतात, जवळजवळ तीन फ्रेम. दरम्यान साउंडवाल्याच्या मिक्सरवरून रेकॉर्डरमध्ये तोच आवाज तारेतून तत्काळ पोचलेला असतो.

घरी येऊन तुम्ही वेव्हफॉर्मवरून ऑटो सिंक करता. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाला चिकटवतं. दोन्ही वेव्हफॉर्म तंतोतंत जुळलेले दिसतात आणि तरीही ओठ चुकलेले असतात, कारण ज्याला चिकटवलं तो कॅमेऱ्याचा आवाजच तीन फ्रेम उशिराचा होता. उपाय: ऑटो सिंक झाल्यावर कॅमेऱ्याचा आवाज बंद करायचा आणि रेकॉर्डरचा ट्रॅक अंतराच्या हिशेबाने आधी, म्हणजे डावीकडे घ्यायचा, दर १४ मीटरला एक फ्रेम. एखादा स्पीकर कॅमेऱ्याजवळ असेल तर अंतर वक्त्यापासून नव्हे, त्या स्पीकरपासून धरा. कालिदास कलामंदिरासारख्या बंद नाट्यगृहात मागच्या रांगेतून शूटिंग केलं तरी एक-दोन फ्रेमचा फरक पडतो, फक्त तिथे तो खपून जातो. समोरच्या काठावरून झूम करून घेतलेल्या शॉटमध्ये खपत नाही.

ऑटो सिंकचा दुसरा दगा ढोलाचा. सॉफ्टवेअर दोन आवाजांचे आकार एकावर एक सरकवून सर्वात जास्त कुठे जुळतात ते बघतं. भाषणात तशी जागा एकच असते. नाशिक ढोलाच्या पथकाचा एकच ठेका पाच मिनिटं चालू असेल तर दर आवर्तनाला जवळजवळ तितकंच छान जुळतं, आणि सॉफ्टवेअर बेधडक एक आवर्तन पुढे किंवा मागे चिकटवून मोकळं होतं. ऐकताना ठेका बरोबर, काड्याही बरोबर पडताना दिसतात, फक्त मध्येच कुणी ओरडलं की त्याचं तोंड आणि आवाज दोन-तीन सेकंदांनी वेगळे. म्हणून ढोलाच्या फुटेजमध्ये मिरवणूक सुरू होण्याआधीची आरोळी, शिट्टी किंवा ठेका बदलण्याची जागा शोधून तिथून हाताने जुळवा.

फरक हळूहळू, एका चालीने वाढतो

इथे आकडाच गुन्हेगाराचं नाव सांगतो. शेवटचा फरक सेकंदांत घ्या आणि तासाला किती पडतो ते काढा.

तासाला साधारण ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला ६० मिलिसेकंद आले तर ३० आणि २९.९७ या फ्रेम रेटचा घोटाळा. २९.९७ म्हणजे नेमकं ३०००० भागिले १००१, आणि ३० शी त्याचा फरक हजारात एकाचा. कुठेतरी एका टप्प्यावर फाइल ३० ची समजली गेली आणि दुसऱ्यावर २९.९७ ची. २३.९७६ आणि २४ मध्येही हेच प्रमाण. तासाला अडीच मिनिटं आली तर २४ आणि २५ ची गल्लत. दहा मिनिटांची क्लिप बारा मिनिटांची झाली तर ३० चं फुटेज २५ धरलं गेलंय. आपल्याकडे हे वारंवार होतं, कारण वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटची लुकलुक टाळायला कॅमेरे २५ वर लावतात आणि पाहुण्यांचे फोन जन्मापासून ३० वर असतात. नुसतं मिश्रण असणं हा दोष नाही, सॉफ्टवेअर अधूनमधून एखादी फ्रेम गाळून वेळ सांभाळतं. क्लिपच्या प्रॉपर्टीमध्ये कुणी फ्रेम रेट हाताने बदललेला असला की मात्र वेळच ताणली जाते. तिथे जाऊन मूळ आकडा परत लावा, बाकी काही करावं लागत नाही.

आवाजाच्या बाजूचा घोटाळा ४८००० आणि ४४१०० हर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो दर), आणि तो मोजण्याआधी कानालाच कळतो. ४४१०० वर रेकॉर्ड झालेला आवाज ४८००० समजून वाजवला तर दहा मिनिटांचं गाणं ९ मिनिटं ११ सेकंदांत उरकतं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे कुठेतरी अडकते, पेटीवाल्याला विचारा. एडिटिंग सॉफ्टवेअर सहसा अशी चूक करत नाही, ते दर बदलून घेतं. चूक होते ती पुन्हा एन्कोड न करता क्लिपा चिकटवणाऱ्या झटपट साधनांत. पहिली क्लिप ४८००० ची असली की सगळ्या फाइलवर तोच शिक्का बसतो आणि मागून आलेली ४४१०० ची क्लिप धावत सुटते.

यापैकी काहीच नसेल आणि फरक तासाला शंभर-दोनशे मिलिसेकंदांइतकाच असेल तर दोन्ही यंत्रं निर्दोष आहेत. प्रत्येक कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये स्वतःचा क्रिस्टल (वेळ मोजणारा स्फटिक) असतो आणि दोन क्रिस्टल कधीच हुबेहूब एका वेगाने चालत नाहीत. दशलक्षात ५० चा फरक म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. दीड तासाच्या व्याख्यानात तो २७० वर जातो आणि प्रश्नोत्तरांपर्यंत वक्ता डबिंग केल्यासारखा दिसायला लागतो. महागड्या मंडळींच्या शूटिंगमध्ये सगळ्या यंत्रांना एकच घड्याळ पुरवतात. आपल्या बजेटमध्ये दोन मार्ग उरतात.

पहिला, गुणोत्तर काढून आवाज ताणणे. सुरुवातीची टाळी आणि शेवटची टाळी यांच्यातला वेळ कॅमेऱ्यावर ५२८०.००० सेकंद आणि रेकॉर्डरवर ५२८०.२६४ सेकंद असेल तर रेकॉर्डरचा आवाज ०.९९९९५ पट लांबीचा करायचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत, स्पीड बदलणं आणि टेम्पो बदलणं. टेम्पोमध्ये पट्टी तशीच राहते म्हणून लोक ती निवडतात. मी कधीच निवडत नाही. टेम्पो बदलताना आवाजाचे तुकडे करून पुन्हा गुंफले जातात आणि टाळ्या, ताशा, क-ट-प सारखी कडक व्यंजनं धूसर होतात. स्पीडमध्ये पट्टी बदलते खरी, पण हजारात एका अंशाच्याही विसाव्या भागाने. तो फरक कुणाच्याही कानाला कळत नाही.

दुसरा मार्ग गावठी आणि मला जास्त आवडणारा. वक्ता पाणी प्यायला थांबतो, पान उलटतो, श्रोते टाळ्या वाजवतात. अशा शांत किंवा गोंगाटाच्या जागी आवाज कापायचा आणि पुढचा तुकडा एक-दोन फ्रेम सरकवून पुन्हा ओठांशी जुळवायचा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा केलं की फरक सहसा जाणवण्याच्या हद्दीत येत नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला हे चालणार नाही, तिथे गुणोत्तरच.

एमकेव्हीटूलनिक्समध्ये ताणण्याचीही चौकट आहे, ती बघून हुरळून जाऊ नका. ती फक्त वेळेचे शिक्के ताणते, आवाजाचे नमुने बदलत नाही. म्हणून ती चित्राच्या किंवा सबटायटलच्या ट्रॅकला लावायची, आवाजाच्या नाही.

फरक वाढतो, पण वेडावाकडा

रंगपंचमीच्या रहाडीचं, हळदीचं, रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचं फुटेज वेगवेगळ्या फोनवरून गोळा केलं की हा प्रकार येतोच. फोनवर ३० लिहिलेलं असलं तरी फोन दर सेकंदाला बरोबर ३० फ्रेम काढत नाही. उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो, तापला किंवा स्टोरेज मंद पडलं की एखादी गाळतो. प्रत्येक फ्रेमला खऱ्या वेळेचा शिक्का असल्याने फोनवर बघताना काही बिघडत नाही. ज्या साधनाने शिक्के न वाचता सगळ्या फ्रेम सेकंदाला ३० या हिशेबाने ओळीने लावल्या, तिथे चित्र लवकर संपतं. सरासरी २९.८ निघाली तर दहा मिनिटांच्या क्लिपचं चित्र ९ मिनिटं ५६ सेकंदांत संपतं आणि शेवटी आवाज चार सेकंद मागे राहतो. शिवाय हे चार सेकंद सारखे वाटलेले नसतात. सूर्य होता तोवर फरक जवळजवळ नसतो, दिवे लागल्यावर झपाट्याने वाढतो. म्हणून एका गुणोत्तराने ताणून हे कधीच जुळत नाही, कितीही दशांश स्थळं घेतली तरी.

खात्री मीडियाइन्फो हे फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर करून देतं. क्लिप त्यात टाका आणि फ्रेम रेट मोड बघा. व्हेरिएबल लिहिलेलं असेल आणि खाली किमान-कमाल असे दोन आकडे लांब लांब दिसत असतील तर प्रश्न मिटला. उपाय टाइमलाइनवर घेण्याआधी करायचा. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप घ्या, व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडा आणि कॉन्स्टंटवर टिंब लावा, दर्जाचा आकडा सढळ ठेवा. शॉटकट हे एडिटिंग सॉफ्टवेअर तर अशी क्लिप उघडली की स्वतःहूनच विचारतं की एडिटिंगला सोपी करून देऊ का, त्याला हो म्हणा. केडेनलाइव्हही तसंच सुचवतं. एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन वापरणाऱ्यांनी फ्रेम रेटचा मोड सीएफआर (स्थिर) ठेवून एकदा एन्कोड करावं आणि आवाज एरिसॅम्पल या फिल्टरमधून असिंक पर्यायासह काढावा, म्हणजे आवाजातल्या बारीक पोकळ्याही भरून निघतात. फोन २५ च्या टाइमलाइनवर जाणार असला तरी इथे ३० च ठेवा. २५ करायचं काम टाइमलाइनला करू द्या, दोनदा फ्रेम गाळल्या की हालचाल अडखळते.

आयफोनवाल्या पाहुण्यांना आधी भेटलात तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ऑटो एफपीएस बंद करायला सांगा. अंधारात फ्रेम रेट उतरवणारा तोच. आणि क्लिपा व्हॉट्सअॅपवर साध्या व्हिडिओ म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या पाठवणीत त्या पुन्हा एन्कोड होऊन येतात आणि फ्रेम रेट २९.८३ सारखा चमत्कारिक होऊन बसतो. त्यात भर म्हणजे काही सॉफ्टवेअर पहिल्या टाकलेल्या क्लिपवरून सगळी टाइमलाइन ठरवतात. मामांची व्हॉट्सअॅप क्लिप आधी पडली की अख्ख्या लग्नाचा फ्रेम रेट तिच्यावरून ठरतो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तर टाइमलाइन बनल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलताही येत नाही. तेव्हा रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तो हाताने ठरवा, मगच क्लिपा आत घ्या.

जोडावर उडी

उडी एकाच ठिकाणी असेल आणि पुढे शेवटपर्यंत तेवढाच फरक असेल तर बहुधा क्लिपचा दोष नाही. चित्राच्या ट्रॅकवरून तुकडा कापून जागा मिटवली गेली, आवाजाचा ट्रॅक मात्र कुलूपबंद होता किंवा वेगळा केलेला होता. प्रीमिअर अशा क्लिपवर लाल आकडा दाखवतं, किती फ्रेमने सुटलंय ते. त्यावर उजवी कळ दाबून सिंकमध्ये आणता येतं.

प्रत्येक जोडावर थोडी थोडी उडी असेल तर दोन शक्यता. पहिली, कॅमेऱ्याच्या फाइलींचे तुकडे. फॅट३२ कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे भाग पडतात. प्रत्येक भागात चित्र आणि आवाज नेमके एकाच क्षणी संपत नाहीत. टाइमलाइनवर पुढचा भाग जास्त लांबीच्या टोकाला चिकटला की मध्ये एखादी फ्रेम रिकामी राहते. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजाला त्याने काही होत नाही, पण बाजूला रेकॉर्डरचा अखंड ट्रॅक धावत असतो आणि दर भागाला चित्र त्याच्यापासून थोडं दूर जातं. इथे सगळे भाग आधी जोडून मग रेकॉर्डरशी जुळवायचे नाहीत. प्रत्येक भाग रेकॉर्डरशी स्वतंत्र जुळवायचा. मध्ये काळी फ्रेम दिसलीच तर तिच्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट टाकायचा.

दुसरी शक्यता, पुन्हा एन्कोड न करता जोडलेल्या क्लिपा. एएसी हा आवाजाचा कोडेक सुटे नमुने नाही, १०२४ नमुन्यांचे गठ्ठे साठवतो. ४८००० ला एक गठ्ठा २१.३ मिलिसेकंदांचा. २५ च्या चित्राचा ठोकळा ४० चा. कुठल्याही क्लिपच्या शेवटी हे दोन्ही एकत्र संपणं दुर्मीळ. शिवाय एन्कोडर आवाजाच्या सुरुवातीला थोडी शांतता भरतो, कुणी १०२४ नमुने, कुणी २११२, आणि ती वगळा अशी नोंद फाइलमध्ये ठेवतो. जोडणाऱ्या साधनाने ती नोंद टाकून दिली की प्रत्येक क्लिपमागे २० ते ४५ मिलिसेकंदांची भर. दोन क्लिपांत कुणाला कळणार नाही. हायलाइटच्या ६० तुकड्यांत एक सेकंदावर जाते.

याचं लक्षण ओळखीचं आहे: लॅपटॉपवर व्हीएलसीत ठीक, फोनवर चुकलेलं. जोडाजवळ आवाजाच्या शिक्क्यांत बारीक पोकळी राहिलेली असते. काही प्लेअर पोकळीचा मान ठेवून थांबतात, काही न थांबता पुढचा गठ्ठा वाजवतात. उपाय म्हणजे कॉपी करून जोडणं सोडायचं. एफएफएमपेगमध्ये यादीवरून जोडण्याऐवजी कॉन्कॅट फिल्टर वापरा. तो सगळं उलगडून पुन्हा एन्कोड करतो आणि एखाद्या तुकड्याचा आवाज चित्रापेक्षा कमी पडला तर तेवढी शांतता भरून पुढचा तुकडा दोघांनाही एकाच वेळी सुरू करून देतो. वेळ लागतो, लागू द्या.

कॉपी करूनच जोडायचं असेल, उदाहरणार्थ एकाच कॅमेऱ्याचे चार भाग, तर सगळ्यांचा कोडेक, आकार, फ्रेम रेट, आवाजाचा दर आणि चित्राचा टाइमस्केल एकच हवा. शेवटची गोष्ट लोक तपासत नाहीत. टाइमस्केल म्हणजे एका सेकंदाचे किती भाग करून शिक्के मारलेत तो आकडा, आणि तो वेगळा असला की दुसऱ्या क्लिपचं चित्र एकदम पळतं नाहीतर गोगलगाय होतं, आवाज मात्र शांतपणे आपल्या गतीने चालू राहतो. आणि कॉपी करून कापताना फाइल फक्त कीफ्रेमवरच (पूर्ण साठवलेल्या चित्रावरच) नीट कापली जाते, मधे कापली तर आवाज लगेच सुरू होतो आणि चित्र पुढच्या कीफ्रेमपर्यंत गोठलेलं किंवा काळं. ते सिंक गेल्यासारखं वाटतं, पण एक-दोन सेकंदांत आपोआप जुळतं. कापण्याची जागा थोडी मागे घ्या, झालं.

एमपी३ बद्दल एक वाक्य: एडिटिंगसाठी वापरू नका. रेकॉर्डरवर वेव्ह, ४८०००, २४ बिट. साउंडवाल्याने मिक्सरवरून पेनड्राइव्हवर एमपी३ दिलीच तर टाइमलाइनवर घेण्याआधी ऑडॅसिटीतून वेव्ह करून घ्या. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ मध्ये जागा शोधताना काही सॉफ्टवेअर अंदाजाने उडी मारतात, आणि तुम्ही तासभर न झालेला बिघाड शोधत बसता.

सगळं करूनही ग्राहकाचा फोन आला

‘टीव्हीवर आवाज मागे पडतोय.’ फाइल पुन्हा उघडण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. साउंडबार लावलाय का, ब्लूटूथने का, आणि त्याच टीव्हीवर दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून लावला तर जुळतो का. दुसराही चुकला तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिले किंवा लिप सिंक नावाची पट्टी असते, ती शून्यावर आणायला सांगा. दुसरा जुळत असेल आणि तुमचाच चुकत असेल तर फाइल एमकेव्ही आहे का, जोड कॉपी करून केलेत का ते बघा, स्थिर २५, एच.२६४, एएसी ४८००० अशी साधी एमपी४ नव्याने एक्स्पोर्ट करून पाठवा आणि पाठवण्याआधी पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकेक प किंवा ब वायरच्या हेडफोनवर तपासा.